थोरलं कोण

सम्राट वारले. सतरा ग्रहांची गादी कायद्याने थोरल्या अपत्याकडे जायची होती, आणि भांडण नेमकं थोरलं कोण यावरच होतं. रेवती प्रद्योतच्या चार वर्षं आधी जन्मली होती. पण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या जहाजातून सरहद्दीची मोहीम करून ती परतली, तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती आणि प्रद्योत एकसष्टचा.

"वय शरीराचं धरायचं, जन्मतारखेचं नाही," प्रद्योतच्या वकिलाने दरबारात मांडलं. न्यायाधीश सबनीसांना ते पटलंही. बाहेर दोघांची आरमारं तोफा रोखून निकालाची वाट पाहत होती.

रिवाजाप्रमाणे सबनीसांनी शेवटचा प्रश्न विचारला, "प्रद्योत, या तुमच्या कोण?"

"धाकटी बहीण" हे उत्तर वकिलाने त्याच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं. प्रद्योत गुडघ्यावर हात टेकून उठला. रेवती त्याच्याकडे बघतच राहिली.

"किती रे वाळलास," ती म्हणाली.

"तू नव्हतीस ना, ताई."

वकिलाने डोळे मिटले. उत्तराच्या रकान्यात लेखनिकाने एकच शब्द लिहिला.