तुरीतलं न दिसणारं पीक

या मायबापहो, जवळ बसा, भागाबाईची गोष्ट ऐका. गांजा कायदेशीर झाला आणि परवान्यासाठी उपग्रह पिकं मोजू लागला. भागाबाईचा गांजाच्या परवान्याचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा तिनं परवाने देणाऱ्या साहेबालाच वावरात आणलं.

"मावशी, उपग्रहाला इथं नुसती तूर दिसते."

"अरे लेकरा, धाडीत दिसू नये म्हणूनच तर सासूनं चाळीस वर्षं निवडून तुरीसारखं दिसणारं हे गांजाचं बी केलं!"

"मग कंपनीचं बी लावा. ते दिसतं."

"देवाला दिसतं, तुला दिसतं, अन् वरच्या डबड्याला दिसत नाही?"

साहेबानं पान चुरगळलं, वास घेतला, मान डोलावली आणि 'पीक नाही' असा शिक्का मारला.

भागाबाईनं यंदाही बी तुरीतच पेरलं, पुन्हा चोरून. तुरीचं वरण वाढून घ्याल तेव्हा तिच्या सासूची, येसूबाईची, आठवण ठेवा. बाईचं काम फारच चोख होतं.