वेणीची शेवटची वीत

"आई, कात्री खाली ठेवा! ते माझं माहेर आहे!" वेणी पोटाशी धरून सुकन्या डायनिंग टेबलाभोवती पळत सुटली. मागे कात्री घेऊन सासूबाई. "अगं, चार बोटंच कापते, टोकं फाटलीत नुसती! माहेर काय, वेड लागलं का तुला?"

वेड लागलंच होतं. ती नोकरी करते त्या कॉलेजच्या लॅबमधल्या मॅडमनी महिन्यापूर्वी संशोधनासाठी तिचे चार लांब केस मागून घेतले होते. आज, तिचं माहेर कुठलं हे एका शब्दानं न विचारता, त्यांनी केस तपासून सांगून टाकलं, "टोकाकडची वीतभर वेणी समुद्राकाठची, भात-मासळीवर पोसलेली. वर मुळापर्यंत सगळी आपली सोलापूरची, ज्वारीवर वाढलेली." ज्या गावचं पाणी प्यावं, अन्न खावं, ते केसात उतरतं म्हणे, आणि तिथंच राहतं. लग्नाला पाच वर्षं झाली, तरी वेंगुर्ल्याचं माहेर रोज पाठीवर झुलत होतं आणि तिला पत्ताच नव्हता! येताना रिक्षात ती एकटीच हसत होती.

हे सगळं तिनं धापा टाकत सांगितलं. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांचा जन्म सोलापुरातला, सासर चार गल्ल्या सोडून. त्यांनी आपला लिंबाएवढा अंबाडा सोडला आणि टोक डोळ्यांसमोर धरलं. "म्हणजे हे खालपासून वरपर्यंत नुसती ज्वारीच?"

"नुसती ज्वारी, आई!" दोघींना हसू आवरेना.

डोळे पुसत सासूबाईंनी कात्री ड्रॉवरमध्ये टाकली. "तुझ्या आईला फोन लाव. म्हणावं, या खेपेला सुकन्याबरोबर मीही येतेय. महिनाभर राहीन, रोज मासळी खाईन. मुळाशी नखभर तरी समुद्र लागू दे!"