भीमाकाठची वाट

दर रविवारी भीमाकाठच्या वाटेने चालणाऱ्या गटाच्या पुढे मालतीताई असायच्या आणि पार मागे सुंदरम्मा. वस्ती दिसली की ही टेकायची आणि कानडीत गप्पा सुरू.

"अक्का, तुमच्यापायी सगळ्यांना उन्हात थांबावं लागतं. आता घरीच आराम करा," मालतीताईंनी शेवटी गोड शब्दांत सांगितलं.

"बरं की," सुंदरम्मा म्हणाली.

पुढच्या रविवारी गट झपझप निघाला. उसाच्या बांधावर शेतातली बाई उभी होती.

"सुंदरम्मा कुटं हाय?"

"त्या आता येणार नाहीत."

बाईने बाभळीची फांदी वाटेत आडवी ओढली.

"अहो, ही वाट आम्ही श्रमदान करून साफ केलीय!" मालतीताई चिडल्या.

"केली की. पर रान आमचं हाय. तिचे पावणे म्हणून जाऊ देत हुतो तुमास्नी."