ड्रॅगनचं स्थळ

गुहेच्या तोंडाशी ड्रॅगन आडवा आला, तसं सगळ्यांनी मोबाइलवर लिहिलं, "तलवार उपसतो." लिहून खेळायच्या या साहसखेळाच्या ग्रुपमध्ये मंदाकिनी उकिडवे त्याच दिवशी आल्या होत्या. त्यांचं वधूवर सूचक मंडळ बंद पडल्यापासून वेळ जाता जात नव्हता.

त्यांनी बिचकतच लिहिलं, "ड्रॅगनराव, लग्न झालंय का तुमचं?"

खेळ चालवणाऱ्या शिरीषने फासा टाकला. सर्वांत मोठं दान पडलं, तेव्हा ड्रॅगनला उत्तर देणं भागच होतं.

"नाही हो काकू. आजवर कुणी विचारलंच नाही."

योद्ध्यांनी मुकाट्याने तलवारी म्यान केल्या आणि ड्रॅगनला घेऊन ते पलीकडच्या डोंगरावर मुलगी बघायला निघाले. मंदाकिनीबाईंच्या अंगात जुना उत्साह संचारला. त्यांनी ड्रॅगनला बजावलं, "चहा कितीही गरम असू दे, फुंकर मारायची नाही!"