आठवा खण

तस्नीमनं केबल खोचली. कट्‌ असा आवाज झाला आणि सर्व्हर रूममधल्या बाकीच्या तिघांनी श्वास रोखला. त्यातल्या दोघांना तो कशासाठी रोखायचा हे माहीत नव्हतं. पण डॉक्टरांनी रोखला होता.

"आता?" डॉक्टर करंबेळकरांनी विचारलं. जुईनगरचं हे स्कॅन सेंटर त्यांचं.

"आता आधी हा डबा चालू करायचा, सर. यातल्या डिस्क फिरायला लागल्या, की मग सर्व्हर. उलटं केलं तर सर्व्हरला वाटतं डबा नाहीच."

डबा बसका, लोखंडी. समोर बारा खण, प्रत्येक खणात एक डिस्क, आणि त्या बारा डिस्कांत मिळून नऊ वर्षांतले लोकांचे मणके, गुडघे आणि मेंदू. जुना सर्व्हर खंडेनवमीला पूजेसाठी बंद केला होता, तो दसऱ्याला उठलाच नाही. त्याला आठ दिवस झाले. जुने रिपोर्ट मागायला येणाऱ्यांना काउंटरवरची सुनयना "सिस्टिम डाऊन आहे" असं सांगत होती, ते अशा आवाजात, की पेशंटला आपलीच सिस्टिम डाऊन असल्यासारखं वाटावं. आज नवा सर्व्हर आला होता आणि तो बसवायला उलव्याहून तस्नीम आली होती.

खोलीबाहेर चौघांची पायताणं ओळीनं होती. आत चपला घालू नयेत असा नियम कुणी केलेला नव्हता. पण गार हवा, बंद दार आणि आत काहीतरी लुकलुकतंय म्हटल्यावर माणूस आपोआप काढतो.

तस्नीमनं बटण दाबलं. डबा घुमायला लागला. पहिला हिरवा दिवा. दुसरा. तिसरा. सातवा लागला. मग एकदम नववा.

"आठवा?" सुनयना म्हणाली.

दहावा हिरवा, अकरावा पिवळा, बारावा हिरवा.

"अकरावी उन्हाळ्यातच गेलीय," तस्नीम म्हणाली. "तुम्हाला मेल केला होता. एक गेली तरी चालतं. दोन गेल्या की सगळं गेलं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं, सर."

तिनं सर्व्हर चालू केला. पडद्यावर अक्षरं आली. तिनं ती मराठीत सांगितली. "आठव्या खणात डिस्क नाही म्हणतोय. जुनी मांडणी पुसून नवी करू का, विचारतोय."

"होय दाबू नका हं," सुनयना कुजबुजली, जणू सर्व्हरनं ऐकलं असतं.

तस्नीम मागे वळली. "एक विचारते. बंद असताना या डिस्क कुणी बाहेर काढल्या होत्या का? काढल्या असतील तर कदाचित नीट बसली नसेल, मी उघडून बघते. नसतील काढल्या तर ती मेली. मग उगाच ओढाओढी केली तर उरलेल्या चांगल्या डिस्कही खराब होतात."

"माझ्या परवानगीशिवाय या खोलीत झुरळ येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि कुणी हात लावला असेल ना, तर त्यानं आत्ता पायात चप्पल घालावी आणि चालायला लागावं. परत या दारात दिसायचं नाही."

पंढरीचे पाय फरशीवर गार पडले. नावड्याचा पंढरी इथं सव्वीस वर्षं शिपाई होता, एक्स-रेचं एकच मशीन होतं तेव्हापासून. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. त्यानं दाराच्या फटीतून आपल्या चपलांकडे पाहिलं. मग पंख्याकडे पाहिलं. मग त्याला तस्नीमचं बोट दिसलं. ते की-बोर्डकडे निघालं होतं.

"मग गेलीच म्हणायची," ती म्हणाली. "पुसते."

"ताई, थांबा."

आवाज त्याचाच होता. तोही दचकला.

"मीच काढल्या व्हत्या. खंडेनवमीला. आख्ख्या बारा. सुक्या फडक्यानं पुसल्या, एकेकीला कुंकवाचं बोट लावलं, पूजा होईस्तोवर खण उघडं ठेवलं. मंग परत बसवल्या. दर सालाला मशीनला लावतो, म्हनलं ह्यो पन मशीनच हाय."

डॉक्टरांनी दाराकडे बोट केलं.

पंढरी निघाला. उंबऱ्याबाहेर जाऊन त्यानं एक चप्पल पायात घातली. दुसरी पायाला सापडेना.

तस्नीमनं आठवा खण ओढला. मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं, चिमटा घातला आणि काहीतरी बाहेर काढून तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला.

"हा मागे अडकला होता. डिस्क टेकतच नव्हती. पंढरीकाका, तांदूळपण तुम्हीच टाकता का?"

"नाय ताई," पंढरी दारातून म्हणाला. "मी फकस्त कुंकू लावतो. अक्षतांचा मान..." आणि तो थांबला.

"अक्षता तर सर—" सुनयना बोलून गेली आणि मग तिला खोकला आला.

तस्नीमनं खण आत ढकलला. आठवा दिवा हिरवा झाला. पडद्यावर नावं यायला लागली. नऊ वर्षांची नावं, सरसर, एकाखाली एक. कुणालाच आनंद झाला नाही. सगळे तळहातावरचा तो दाणा बघत होते.

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला. तो वाजला नव्हता. "हॅलो," ते म्हणाले, "हां, बोला," आणि बोलत बोलत बाहेर गेले. पंढरीच्या शेजारी उभं राहून, त्याच्याकडे न बघता, त्यांनी आपले बूट घातले आणि चालायला लागले.

पंढरीनं पायातली चप्पल हळूच काढली.