पाठीवरचा बास

पॅरिसमधली दुपारची मैफल संपली आणि डबल बास वाजवणाऱ्या मालोभोवती चाहते गोळा झाले. तेवढ्यात त्याचे वडील एर्वान जुनाट कोट घालून आत आले. गावी, ब्रेस्टकडच्या लग्नांत अकॉर्डियन वाजवता वाजवता त्यांनीच पोराला ताल शिकवला होता. "हे कोण?" घोळक्यातल्या एका समीक्षक बाईंनी विचारलं. कालच मुलाखतीत मालोने त्यांना सांगितलं होतं, आमच्या घरात संगीत नव्हतंच. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सामान उचलायला आलेत." एर्वाननी ते ऐकलं. मग त्यांनी माणसाएवढा बास पाठीवर घेतला आणि ते जिना उतरू लागले. मालोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मागे धावला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "बाबा, थांबा! द्या इकडे, मी घेतो." समीक्षक बाई चमकून वळल्या. एर्वान मात्र थांबले नाहीत. "राहू द्या, साहेब," ते म्हणाले, "तुम्ही फक्त दार उघडा."