शेवटचं ठिगळ

भुरी पुन्हा गोधडीच्या मधोमध येऊन झोपली, तशी द्वारकाबाईंनी सुई तिला वळसा घालून पुढे नेली. काठापासून ठिगळं लावत त्या आत आल्या होत्या; आता त्या म्हाताऱ्या मांजरीखालची जागा तेवढी उरली होती.

"आई, बाळ यायच्या आत होईल ना?" पोटुशी सून म्हणाली.

"हिला उठवू कशी गं? दुधालाही तोंड लावत नाही बघ."

दुपार सुस्तावली. टाका पडायचा, भुरीचं पोट हळूच वरखाली व्हायचं. काम संपूच नये म्हणून द्वारकाबाई टाके बारीक, आणखी बारीक घालत राहिल्या. डोळा लागला तेव्हा वाटलं, दोघी एकाच उबेत तरंगताहेत.

जाग आली ती भुरी उठल्यामुळे. डुलत डुलत ती उंबऱ्यातल्या उन्हापर्यंत गेली, तिथे अंग टाकलं, आणि मग तिचं पोट हललं नाही.

गोधडी उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या ठिगळाखाली चिमूटभर तांदूळ घालायची त्यांच्याकडे रीत. डोळे पुसत सुनेने वाटी पुढे केली.

द्वारकाबाईंनी गोधडीवरच्या भुरीच्या अजून उबदार जागेवर हात ठेवला.

"तांदूळ नकोत. गोधडीचं पोट भरलंय."

त्यांनी ठिगळ अंथरलं आणि ऊब निवायच्या आत भराभर टाके घातले.